एम.ए. मराठी आणि पगाराची तारीख

‘मग? पुढे काय?’

सी.ए. करणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला फक्त ‘ग्रुप सुटला का?’ एवढंच विचारतात. कॉम्प्युटरवाल्यांना तर थेट पॅकेज विचारतात. पण साहित्यात एम.ए. करतेय म्हटलं, की समोरचा आधी ‘अरे वा!’ म्हणतो, दोन-तीन सेकंद गप्प बसतो आणि मग हमखास हा चेंडू टाकतो. तो ‘अरे वा’ कुठल्या सुरात आला यावरून आपली गणना हुशारांत झालीय की बिचाऱ्यांत, ते कळतं.

माझी मामेबहीण गेलं वर्षभर या माऱ्यात होती. पुणे विद्यापीठात मराठीचं एम.ए., मुक्काम सदाशिव पेठेत, एका खोलीत तिघी. बाकीच्या दोघी एमपीएससीवाल्या. त्या पहाटे पाचला उठून अभ्यासिकेत पळायच्या आणि ही खिडकीत बसून चहा पीत कादंबरी वाचायची. त्यामुळे ही मुलगी वाया गेलीय, असं घरमालकीणबाईंचं ठाम मत. आता अभ्यासक्रमातच कादंबरी असली तर तिनं काय करायचं? पण हे बाईंना कोण सांगणार!

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आठवडाभर तिच्या मोबाइलवर ‘आता तुमचे दिवस!’ असे मेसेज येत होते. नातेवाइकांचा समज असा, की दर्जा मिळाला म्हणजे मराठीवाल्यांना आता नोकऱ्याही मिळणार. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालं. चांगलंच आहे हे सगळं. पण खोलीचं भाडं अभिजात दर्जावर भरता येत नाही ना!

इथे मामाबद्दल सांगायला हवं. मामा एसटीत वाहक. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप आठवतोय? एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तेवढे महिने मामाच्या घरात पगार आला नाही. मामीनं कपाटावरची शिलाई मशीन खाली काढली, धाकट्याचा क्लास बंद झाला. तेव्हापासून मामाचं करिअर गायडन्स एका वाक्यात आटोपतं : ‘काय बी कर, पण महिन्याच्या महिन्याला पगार येतोय का, तेवढं बघ.’ आता त्याच धाकट्याला इंजिनीअरिंगला घातलंय. त्यामुळे एम.ए. संपलं की पुण्यातला खर्च आपला आपण करायचा, हे बहिणीनं स्वतःच ठरवून टाकलं. जमलं नाही तर बॅग भरून गावी. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर शेवटी गावाकडे परतलाच होता की, असं मी तिला गमतीत म्हटलं. ती म्हणाली, ‘ताई, त्याच्या वडिलांकडे शेती होती. पप्पांकडे तिकिटाचं मशीन आहे.’

तर आम्ही दोघी तीन रविवार कागद-पेन घेऊन बसलो आणि साहित्यवाल्यांच्या नोकऱ्यांचा हिशेब केला. तुम्ही म्हणाल, आम्ही बुवा आयटीत नाहीतर बँकेत, आम्हाला काय त्याचं? थांबा, तुमच्या ऑफिसपर्यंत येतेच आहे.

सगळ्यात सरळ दिसणारा रस्ता प्राध्यापकीचा. एम.ए., मग नेट किंवा सेट, मग नोकरी. कागदावर तर हा रस्ता आधीपेक्षा सोपा झालाय. २०२३ मध्ये यूजीसीनं सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी.ची सक्ती काढली आणि नेट, सेट, स्लेट हीच किमान पात्रता ठेवली. आपली सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठच घेतं. दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीनशे मार्क. उत्तर चुकलं तरी मार्क कापत नाहीत, वयाची अट नाही. फक्त पात्र ठरतात ते साधारण सहा टक्के. नेटमध्ये वरचा नंबर लागला तर जेआरएफ, म्हणजे संशोधन करता करता महिन्याला ३७ हजार. हा आकडा २०२३ पासूनचा. वाचायला सॉलिड वाटतं. पण २०२४ च्या जूनमध्ये काय झालं? १८ तारखेला नऊ लाखांहून जास्त मुलांनी नेट दिली आणि १९ तारखेला सरकारनं ती परीक्षा रद्द केली. बहिणीच्या दोन सीनियर त्यात होत्या. त्यातल्या एकीनं पुढे पुन्हा पेपर दिला, दुसरीनं चिडून बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला.

आणि समजा, सेट सुटली. मग? मग सीएचबी.

ज्यांना हा शब्द माहीत नाही ते भाग्यवान. क्लॉक अवर बेसिस, शुद्ध मराठीत तासिका तत्त्व. कायम जागा भरल्या जात नाहीत, मुलं तर वर्गात बसलेली असतात, म्हणून तासावारी मास्तर नेमायचे. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. आठवड्याला किती तास मिळणार, यालाही मर्यादा. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा काळ, उन्हाळा, सगळा शून्य. बिलं कॉलेजातून सहसंचालक कार्यालयात जातात, तिथून मंजूर होऊन येतात, आणि येतात तेव्हा येतात. दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. नेट-सेट, कधी कधी पीएच.डी.सुद्धा झालेली माणसं दहा-दहा वर्षं यात असतात. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, गावात ‘सर’ म्हणून मान आणि खिशात मात्र मित्राकडून घेतलेले उसने पैसे. लग्नाच्या बाजारात यावर एक वेगळं वाक्यच तयार झालंय : ‘मुलगा प्राध्यापक आहे हो, पण सीएचबी.’ कायम जागा निघालीच तर तिच्यासाठी काय ‘व्यवस्था’ करावी लागते, त्याचे आकडे चहाच्या टपरीवर कुजबुजत सांगितले जातात.

बहिणीला नेमकी अशीच ऑफर आली होती. गावापासून अर्ध्या तासावरच्या एका कॉलेजात मराठीचे तास घ्यायला कुणी हवं होतं. तिची सेट झालेली नाही, पण ‘तात्पुरतं बघून घेऊ’ असा निरोप आला. मामी खूश. पोरगी घरी राहील, वर प्रोफेसर! मामानं मला फोन केला. त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानं एकच विचारलं, ‘सुट्टीत पगार?’

‘नाही.’

‘आणि बिल अडकलं तर?’

‘थांबायचं.’

‘म्हंजे संपच की ह्यो. दर वर्षाचा.’

राज्यातल्या उच्च शिक्षणावरचं इतकं नेमकं भाष्य मी अजून कुठल्या चर्चासत्रात ऐकलेलं नाही.

शाळेचा पर्याय त्यापेक्षा बरा आहे, हे माझं प्रामाणिक मत. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. त्यामुळे चकाचक काचांच्या इंटरनॅशनल शाळांनाही मराठीची टीचर लागतेच. पण त्याला बी.एड. हवं. बी.एड. दोन वर्षांचं. दोन वर्षं आणि फी, दोन्ही तिच्याकडे नव्हतं. तो कागद बाजूला ठेवला. रूममेट्सच्या नादानं स्पर्धा परीक्षांचाही विचार झाला. यूपीएससीला मराठी साहित्य वैकल्पिक घेता येतं, ५०० मार्कांचं. ज्यांचा कल आहे त्यांनी जरूर करावं. हिला फक्त साहित्याचे ५०० मार्क हवे होते, बाकीच्या भूगोलाशी, पंचायत राजशी देणंघेणं नव्हतं. तोही कागद बाजूला.

उरलं काय? उरलं ते सगळं सुटं सुटं. भाषांतर, सबटायटल्स, ऑडिओबुकसाठी संहिता तपासणं, पुस्तकांचं प्रूफ, कंपन्यांचे ब्लॉग, जाहिरातींची मराठी कॉपी. काम भरपूर आहे, खरंच आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं तेव्हा पहिल्याच झटक्यात हिंदीबरोबर मराठी होती. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२ हजार पुस्तकं काढायची ‘अस्मिता’ योजना जाहीर केली. एवढं सगळं कुणीतरी लिहिणार, कुणीतरी तपासणार. घोळ आहे तो पैसे कसे येतात याचा. शब्दाला इतके, पानाला इतके, मिनिटाला इतके. आणि कधी? ते विचारू नका. मी स्वतः फ्रीलान्स आहे. माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे : काम दिलं कधी, बिल पाठवलं कधी, पैसे आले कधी. त्यातला विक्रम एका जाहिरात एजन्सीच्या नावावर आहे. गणपतीच्या पुरवणीचा मजकूर लिहिला, पैसे शिमग्याला मिळाले. मध्ये अकाउंट्सच्या त्या गृहस्थांशी इतकं बोलणं झालं, की मला त्यांच्या मुलीची बोर्डाची टक्केवारी पाठ आहे.

माझं चालतं, कारण माझे आई-बाबा याच शहरात आहेत आणि महिना कोरडा गेला तर मी जेवायला तिकडे जाते. हा मुद्दा करिअर गायडन्सच्या कार्यक्रमांत कुणी सांगत नाही. ‘पॅशन फॉलो करा’ म्हणणाऱ्याला एकदा विचारून बघा, तेव्हा घरभाडं कोण भरत होतं?

यावर बहीण म्हणाली, ‘मग शांता शेळकेंनी कसं केलं?’ चांगला प्रश्न होता. आपल्याला त्या कवयित्री, गीतकार म्हणून माहीत. पण बाईंचा बायोडेटा कधी वाचलाय? एम.ए. झाल्यावर अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये नोकरी. मग नागपूरला हिस्लॉप कॉलेजात, पुढे मुंबईत रुईया आणि महर्षी दयानंद कॉलेजात प्राध्यापकी. त्याबरोबर चित्रपटांची गाणी, स्तंभलेखन, ‘लिटल विमेन’चं ‘चौघीजणी’ हे भाषांतर. सेन्सॉर बोर्डाचंही काम. १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. कामं दहा प्रकारची, पण खाली एक पगार. अरुण कोलटकरांचं बघा, कवितेबरोबर जाहिरात क्षेत्रातली नोकरी. मर्ढेकर आकाशवाणीत. यांच्यापैकी कुणी नुसत्या कवितेवर घर चालवलं नाही. आमच्या हिशेबाच्या कागदावर तिनं वर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘आधी खालचा पगार.’

आता तुमच्या ऑफिसात येऊ.

माझी एक मैत्रीण पैसे पाठवायचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांना ॲप मराठीत आणायचं होतं. मशिननं भाषांतर करून झालं होतं, तीनशे-साडेतीनशे ओळींची फाइल. ‘कुणी एकदा नुसती नजर टाकली तरी पुरे,’ असं ती म्हणाली. मी फाइल बहिणीकडे ढकलली. नजर टाकायला तिला चार दिवस लागले.

एका ठिकाणी होतं ‘लाभार्थी जोडा’. बँकेच्या भाषेत बरोबर आहे. पण महाराष्ट्रात लाभार्थी म्हणजे सरकारी योजनेचा लाभार्थी. २०२४ मध्ये लाडकी बहीण आल्यापासून तर घरोघरी तोच अर्थ. बहिणीनं मामीला फोनवर वाचून दाखवलं, तर मामी म्हणाली, ‘नवा फॉर्म निघालाय व्हय? कागदपत्रं काय लागत्यात?’ तिथे तिनं लिहिलं, ‘ज्यांना पैसे पाठवायचे त्यांचं नाव’. ‘होम’चं मशिननं ‘घर’ केलं होतं. ‘सबमिट’चं ‘सादर करा’, जणू काही आता पोवाडाच होणार आहे.

पण खरी मजा एका ओळीत झाली. ‘व्यवहार अयशस्वी. कृपया पुनःप्रयत्न करा.’ आपण सगळ्यांनी अशी ओळ वाचलीय. ही अडकली. म्हणाली, ‘ताई, अयशस्वी म्हणजे काय? खात्यातले पैसे गेले की नाही गेले? वाचणाऱ्याच्या पोटात तोच एक गोळा असतो.’ तिनं सुचवलं, ‘पैसे गेलेले नाहीत. पुन्हा पाठवून बघा.’ फाइल परत गेली, आणि कंपनीतल्या इंजिनीअरचा निरोप आला, की असं लिहिता येणार नाही. कारण कधी कधी पैसे खात्यातून कापले जातात आणि नंतर परत येतात. तेव्हाही हाच मेसेज दिसतो. बहिणीचं उत्तर एका ओळीचं : ‘मग गोष्टी दोन आहेत, मेसेज एक का?’

मीटिंगमध्ये म्हणे मिनिटभर शांतता. इंग्रजीतही तोच घोळ होता. ‘ट्रान्झॅक्शन फेल्ड’, बस. इतकी माणसं त्या स्क्रीनवर काम करून गेली, पण वाचणाऱ्याला इथे काय वाटेल, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं. ही बाई दोन वर्षं काय करत होती? निवेदक कोण, तो कुणाशी बोलतोय, त्याला काय माहीत आहे आणि तो काय लपवतोय, एवढंच तर करत होती. घरमालकीणबाईंच्या भाषेत, कादंबऱ्या वाचत होती.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ज्याच्याकडे सगळे आपला मेल ‘जरा बघ ना’ म्हणून पाठवतात. ते काम त्याच्या जॉब प्रोफाइलमध्ये नसतं, अप्रेझलमध्ये धरलं जात नाही, आणि ते माणूस सुट्टीवर गेलं की क्लायंटचा फोन येतो. हे काम नोकरी म्हणून जाहिरातीत फार क्वचित दिसतं. जिथे दिसतं तिथेही शोधायचं कुठल्या नावानं, हे मराठीच्या मुलांना ठाऊक नसतं : लोकलायझेशन, यूएक्स रायटिंग, कंटेंट डिझाइन. एम.ए.च्या वर्गात हे शब्द कुणी उच्चारत नाही. तुमच्या एचआरलाही मराठी विभागाचा पत्ता माहीत नसतो. दोन्हीकडची माणसं विद्यापीठ चौकातल्या एकाच ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात, एवढीच काय ती भेट.

आणि हो, मशीनबद्दल. मशीन आलंय, ते परत जाणार नाही. जी कामं आधी ‘भाषांतर’ म्हणून मिळायची ती आता ‘फक्त तपासून द्या’ म्हणून येतात, कमी पैशात. पण वाईट भाषांतर तपासायला नवं करण्याइतकाच वेळ जातो, कधी कधी जास्तच. त्या फाइलचं बिल ओळीवर लावायचं की तासावर, यावर आमचा अर्धा रविवार गेला. शेवटी तासावर लावलं. मैत्रिणीच्या मॅनेजरनं भुवया उंचावल्या, पण दिलं. नव्यानं शिरणाऱ्यांनी एवढं जरूर करावं : ‘फक्त’ हा शब्द आला की तासाचा दर सांगायचा.

महिनाभरानं त्याच कंपनीनं तिला विचारलं. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पगारी, मग पुढचं बघू. पगार काही फार नाही, तुमच्यातले बरेच जण वीकएंडला तेवढा उडवत असतील. तिनं दोन दिवस घेतले. कारण शिकवायची तिला खरंच हौस आहे. कॉलेजच्या वर्गात उभं राहून तुकाराम शिकवणं आणि ‘पासवर्ड विसरलात?’च्या तीन आवृत्त्या लिहिणं यात फरक आहेच, मी तो कशाला लपवू? सीएचबीवर गेली असती तर तुकाराम मिळाला असता. एका रात्री दीड वाजता तिनं मला मेसेज केला, ‘मी विकली जातेय का?’ मी म्हटलं, सध्या भाड्यानं जातेयस, सहा महिन्यांसाठी. झोप.

तिनं होकार कळवला आणि गावाजवळच्या कॉलेजला नाही म्हणाली. शनिवार-रविवार सेटचा अभ्यास करायचा, जाहिरात निघाली की फॉर्म भरायचा, असं ठरलंय. वयाची अट नाही, त्यामुळे घाई नाही. सीएचबीचं दार बंद झालंय असंही नाही, ते कायम उघडंच असतं. फक्त आता ती तिथे गेली तर बँकेत चार पैसे ठेवून जाईल. रूममेट्सपैकी एकीची मुख्य परीक्षा आहे. आता पॅटर्न वर्णनात्मक झाल्यापासून निबंध लिहावे लागतात, त्यामुळे ती रोज रात्री निबंध हिच्याकडून तपासून घेते. फुकट. यावर मी स्वतंत्रपणे रागावले आहे.

पहिला पगार जमा झाला त्या संध्याकाळी मामाचा फोन आला. किती आला, हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं ते, ‘पीएफ कापत्यात का?’

कापतात. कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी तेवढं विचारून घ्यायला मी तिला सांगितलं होतं.